अंगठ्याखालची ओळ

१

शाळा एक वाजता सुटते. दोन वाजता मी छापखान्यात असते आणि दिवे लागेपर्यंत खिळे सोडते. खिळा म्हणजे शिशाचं एक अक्षर. छापून झालेल्या ओळी डाव्या हातात धरायच्या आणि उजव्या हाताच्या चिमटीनं एकेक खिळा लाकडी कप्प्यातल्या त्याच्या घरात टाकायचा. बोलायला लागत नाही, म्हणून मला हे काम आवडतं. वर्गात मी हात वर करत नाही, पण कुठल्या अक्षराचं घर कुठे आहे ते डोळे मिटून सांगेन.

छापखाना नोनोंचा. नोनो म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील, क्विरिनो बेल्लेत्तातो. बाबा तुरीनला मोटारींच्या कारखान्यात असतात आणि नाताळला येतात. पुढची खोली आईची, तिथे ती गिऱ्हाइकं बघते. मागची खोली खिळ्यांची. तिथे खिडकीशी एक अक्रोडाचं कपाट आहे, आणि त्यात जुन्या वळणाचं अक्षर.

ते कुठून आलं हे नोनोंनाही ठाऊक नाही. ते शिकायला आले तेव्हाही ते जुनंच होतं. त्यातल्या रोमन ‘ई’चा दांडा आडवा नसतो, जिना चढल्यासारखा वर जातो. ‘ओ’चं पोट एका बाजूला कललेलं असतं. प्रत्येक उभ्या रेघेच्या टोकाला लहानसा पाय असतो, आणि कुठलेच दोन पाय अगदी सारखे नसतात. कुणी बोरूनं लिहिता लिहिता मधेच श्वास घेतल्यासारखं ते दिसतं.

“नवीन अक्षर हाका मारतं,” नोनो म्हणायचे. “सर्कस आली, साबण आला. हे हाका मारत नाही. जवळ येऊन बसतं. वाचणाऱ्याला कळतसुद्धा नाही की आपण अक्षर वाचतोय.”

मला ते अक्षर माझ्यासारखं वाटायचं. समोर असून कुणाला न दिसणारं.

पूर्वी त्यात प्रार्थनेची पुस्तकं छापत. आता एकच काम उरलंय. गावात कुणी गेलं की आम्ही कागद छापतो. काळी चौकट, वर क्रूस, मधे मोठ्या अक्षरात नाव, खाली ‘आपल्या माणसांच्या मायेला अंतरले’, वय, दुसऱ्या साध्या अक्षरात मागे राहिलेल्यांची नावं, आणि अंत्यविधीचा दिवस नि वेळ. तुल्लिओ ते सायकलवरून नेतो आणि खळ लावून भिंतींवर चिकटवतो.

या कामाला दोन नेम होते. अंत्यविधीची घंटा होण्याआधी त्या माणसाच्या नावाची ओळ मोडून तिचे खिळे आपापल्या घरात गेलेच पाहिजेत. आणि जिवंत माणसाचं नाव या अक्षरात कधीही जुळवायचं नाही. लग्नपत्रिका, वाइनच्या चिठ्ठ्या, नाचाची तिकिटं, सगळं दुसऱ्या कपाटांतलं.

मी एकदा का म्हणून विचारलं होतं.

“तू बूट काढून पलंगावर का चढतेस?” नोनो म्हणाले. “तसंच.”

जुळवताना लोखंडी पट्टी डाव्या हातात असते. उजव्या हातानं एकेक खिळा तीत ठेवायचा आणि शेवटच्या खिळ्यावर डावा अंगठा दाबून धरायचा. ओळ घट्ट भरेपर्यंत अंगठा काढायचा नाही. काढला की सगळं कोसळतं. नोनोंनी पंचावन्न वर्षं असा अंगठा धरला होता. तो आता सरळ होतच नसे. जेवताना, चर्चमध्ये, झोपेतसुद्धा डावा अंगठा वाकलेला, जणू हातात पट्टी आहेच.

२

वीस जानेवारीला नोनो सत्तर वर्षांचे होणार होते. त्यांना काय द्यावं याचा मी फार विचार केला.

गावात गेलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाचं नाव नोनोंनी त्या जुन्या अक्षरात जुळवलं होतं. त्यांचं स्वतःचं नाव त्या अक्षरात छापलं जाणार ते फक्त एकदा, आणि ते त्यांना दिसणार नाही. मला ते सहन होईना. म्हणून मी ठरवलं की एक कार्ड छापायचं, नुसतं नाव असलेलं. नेमाचं मला आठवत होतं. पण मला वाटलं, बूट घालून पलंगावर चढलं तर चादर मळते, दुसरं काय होतं?

बारा तारखेला नोनो न्हाव्याकडे गेले तेव्हा मी कपाट उघडलं.

आमच्या रोमन लिपीत त्यांचं नाव ‘क्यू’नं सुरू होतं, आणि त्या आकाराचा क्यू आमच्याकडे एकच आहे. क्यूनं सुरू होणारी नावं किती असणार? तो कापसाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला असतो, कारण त्याची शेपटी लांब आहे. ती त्याच्या अंगाबाहेर येऊन शेजारच्या अक्षराच्या खांद्यावर टेकते. खाली पडला तर शेपटी तुटणारच. मी तो पट्टीत ठेवला, मग पुढचे खिळे. ओळ भरली. रुळानं शाई लावली, जाड कागद ठेवून दाबला आणि उचलला.

इतकं सुंदर काही मी त्याआधी छापलं नव्हतं.

“ओर्सोला!” पुढून आईची हाक आली. “नोनो आले गं. कॉफी टाक!”

मी ओळीला दोरा गुंडाळला आणि ती सगळ्यात खालच्या खणात चिंध्यांमागे सरकवली. कार्ड वाळायला लॅटिनच्या शब्दकोशात ठेवलं. ओळ उद्या सोडू, असं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लॅटिनची परीक्षा होती. तिसऱ्या दिवशी नोनो मागच्या खोलीतून हललेच नाहीत. खरं सांगायचं तर मला ती ओळ मोडवतच नव्हती.

३

सोळा तारखेला सकाळी धुकं होतं. आमच्याकडे धुकं असतं तेव्हा नदीचा बांधही दिसत नाही. शाळेत जाताना बेकरीच्या कमानीखाली भिंतीवर कागद दिसला. आदल्या दिवशी आम्ही काही छापलं नव्हतं. मी तशीच पुढे गेले आणि मग परत फिरले, कारण मला आधी शेपटी दिसली होती. क्यूची शेपटी.

काळी चौकट. क्रूस. क्विरिनो बेल्लेत्तातो. त्याखाली काहीच नाही. वय नाही, दिवस नाही, वेळ नाही. नुसता पांढरा कागद.

बेकरीवाली बाई बाहेर आली, तिनं त्या कागदाखालीच फडकं झटकलं, मला “चाओ” म्हणाली आणि आत गेली. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. मी कोपऱ्याला बोट लावलं. खळ ओली होती.

शाळेची घंटा झाली तशी मी पळाले.

पहिल्या तासाला मी स्वतःची समजूत घातली. धुकं, झोपमोड, आणि चार दिवस डोक्यात तेच नाव. माणसाला मनातलंच भिंतीवर दिसतं. तिसऱ्या तासाला बोटावरची खळ वाळली आणि तिचा पापुद्रा वहीवर पडला.

एक वाजता मी कमानीखाली आले. भिंतीवर फक्त एक ओलसर चौकोन होता.

तुल्लिओ पुलाजवळच भेटला. सायकलच्या दांडीला खळीची रिकामी बादली.

“काय गं उंदरे,” तो म्हणाला. तो मला उंदरीच म्हणतो. “भिंतीला नाक लावून काय हुंगतेस?”

“तुम्ही आज काही चिकटवलं होतं?”

“आज? दहा दिवस झाले, कुणी मरायचं नाव घेत नाही. ब्रश वाळून साळिंदर झालाय. तुझ्या नोनोंना सांग, मी पत्ते खेळून कंटाळलो. निदान एखादं लग्न तरी छापा.”

मी हसले. हसायला हवं होतं म्हणून.

४

खालच्या खणात चिंध्या होत्या. ओळ नव्हती.

ती दगडावर होती. छपाईआधी जुळणी ज्या सपाट दगडावर मांडतात, त्या दगडाच्या मधोमध. भोवती काळी चौकट बसवलेली, वर क्रूस, बाजूंनी पाचरी ठोकलेल्या. छपाईला तयार. माझा दोरा नीट गुंडाळी करून बाजूला ठेवलेला होता.

नोनोंनी केलं असेल? पण ते तर सकाळपासून आईबरोबर सहकारी पेढीत गेले होते. आई तर खिळ्यांना हात लावत नाही. मी दगडाशी उभी राहिले. आपण हे स्वतःच करून विसरलो असू का, असंही मनात आलं. ते सगळ्यात बरं वाटत होतं.

मग मी पाचरी काढल्या आणि नाव सोडायला घेतलं. घाईत दोन खिळे चुकीच्या घरात पडले, ते शोधून परत टाकले. शेवटी क्यू हातात राहिला. त्याचं घर उघडं होतं, कापूस तयार होता.

मला एकच सुचलं. हा नसेल तर ती ओळ पुन्हा होणारच नाही.

मी क्यू रुमालात गुंडाळला आणि झग्याच्या खिशात टाकला. कार्ड त्याच संध्याकाळी शेगडीत घातलं.

५

वीस तारखेला आईनं गालानी, म्हणजे मैद्याच्या खुसखुशीत पट्ट्या, तळून वर साखर भुरभुरली. बाबांची तार आली. तुल्लिओ वाइनची बाटली घेऊन आला आणि दारातूनच ओरडला, “सिओर क्विरिनो! सत्तर झाले, आता तरी माणसात या!”

नोनोंची पाठ दाराकडे होती. त्यांनी वळून पाहिलं नाही.

“सिओर क्विरिनो!”

तुल्लिओनं खांद्याला हात लावला तेव्हा ते दचकले. “मला हाक मारलीस होय?” ते म्हणाले.

“नाही, राजाला मारली! आणखी क्विरिनो आहे कोण इथे?”

सगळे हसले. नोनोही हसले, पण आपल्याला नक्की कशाचं हसू आलंय हे न कळल्यासारखे.

त्यानंतर ते असेच झाले. आईनं ‘बाबा’ म्हटलं की तिच्याकडे वळायचे, मी ‘नोनो’ म्हटलं की माझ्याकडे. नाव घेतलं तर मात्र ती हाक त्यांच्यावरून निघून जायची. ताट समोर आलं की “हे माझं आहे का?” म्हणून विचारायचे. मक्याच्या पिठाचा पोलेन्टा तसाच गार व्हायचा. कोटाच्या बाहीत हात घालताना थांबून बाहीकडे बघत राहायचे. डॉक्टर आले, त्यांनी छाती ठोकून पाहिली आणि म्हणाले, “बैलाचं काळीज आहे. शंभर वर्षं जातील.”

आई खूश झाली. मी झाले नाही.

कारण मागच्या खोलीत नोनो दिवसभर काहीतरी शोधत. गुडघ्यांवर बसून, दिवा घेऊन, फळ्यांच्या फटींत काडी घालून.

“काय हरवलंय, नोनो?”

“ते मिळालं की कळेल,” ते म्हणायचे.

माझा हात खिशात असायचा. क्यूची शेपटी रुमालातूनही बोटाला लागायची. रात्री तो उशीखाली, शाळेत दप्तरात. मी मनाशी म्हणायचे, ते जिवंत आहेत. शोधू देत. जिवंत तर आहेत.

फेब्रुवारीत धुकं परत दाट झालं आणि कमानीखाली पुन्हा कागद लागला. या वेळी खाली बरंच काही होतं. वय सत्तर. कन्या इनेस, जावई, नात ओर्सोला. दिवस आणि वेळेची जागा तेवढी कोरी. आणि वर, नावाच्या सुरुवातीला, बरोबर एका अक्षराच्या रुंदीची रिकामी जागा. पुढच्या अक्षराचा खांदा शेपटीसाठी मोकळा ठेवलेला.

मी या वेळी बोट लावलं नाही.

६

नऊ तारखेला आई तिकिटांचा गठ्ठा पोचवायला स्टेशनवर गेली होती. दुपारचे चार वाजले असतील. पुढच्या खोलीत शेगडीजवळ नोनो खुर्चीत झोपले होते, मी शेजारी लॅटिन करत होते. ते बारीक घोरत होते.

मागून आवाज आला. टिक्.

खिळे सोडतात तेव्हा खिळा लाकडावर पडतो, तो आवाज बोदा असतो. जुळवतात तेव्हा तो लोखंडावर टेकतो. हा लोखंडावरचा होता.

टिक्. टिक्. टिक्.

अनुभवी हाताचा, एका लयीतला. मग थांबला. मग जरा वेळानं पुन्हा पहिल्यापासून. मी मोजले. दर वेळी सोळाच. नोनोंच्या पूर्ण नावात अक्षरं सतरा आहेत.

उंदीर असेल, असं मी स्वतःला सांगितलं. खिडकी हलत असेल. पण उंदीर सोळावर थांबत नाहीत. मी उठले. का उठले ते मला आजही सांगता येत नाही. बसून राहिले असते तर तो आवाज अजून मोजत बसले असते.

मागच्या खोलीत दिवा नव्हता. खिडकीतून धुक्याचा करडा उजेड तेवढा येत होता. दोन कपाटांच्या मधल्या बोळकांडीत मला एक हात दिसला. काळी बाही, तिच्यावर शाई लागू नये म्हणून कोपरापर्यंत चढवलेलं कापडी आवरण. हातात पट्टी. पट्टीवर वाकलेला अंगठा, त्याच्या नखाला मधोमध जुनी चीर. अंगठा थरथरत होता. खूप वेळ जड काहीतरी धरलेल्या माणसाचा थरथरतो तसा.

दुसरा हात माझ्याकडे पसरलेला होता. तळवा वर.

त्याच्या वर मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कोण दिसलं असतं ते मला माहीत होतं, कारण ती नखाची चीर मी लहानपणापासून पाहत आले होते. आणि माझ्या मागे, पुढच्या खोलीत, नोनो घोरत होते.

मी मागे सरत सरत दारातून बाहेर आले. नोनो तसेच खुर्चीत होते. डावा हात मांडीवर होता, रिकामा. अंगठा वाकलेला. थरथरत होता.

“नोनो,” मी म्हणाले. आणि मग, पहिल्यांदाच, “क्विरिनो.”

त्यांनी डोळे उघडले.

“खिशात काय आहे, पोरी?”

मला रडू आलं. “तुमच्यासाठीच केलं होतं. कार्ड. वाढदिवसाचं.”

“छान छापलं होतंस?”

“हो.”

“शेपटी नीट उमटली?”

“हो. पूर्ण.”

“बघायला हवं होतं मी.” ते थोडे हसले. “त्याचं घर रिकामं आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पंचावन्न वर्षं त्या कपाटात हात जातोय.”

“मग मागितलात का नाही?”

“तू कशासाठी ठेवलायस तेही कळलं. म्हटलं, पोरीसाठी जरा तग धरू. पण ओळ भरेपर्यंत अंगठा काढता येत नाही गं. आणि अर्धवट ओळ...” त्यांनी मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. “हात भरून आलाय. फार भरून आलाय.”

“मी नाही देणार.”

“बरं,” ते म्हणाले. रागावले नाहीत. डोळे मिटून घेतले. अंगठा थरथरतच राहिला.

मी त्यांच्याशेजारी बसून राहिले. शेगडीतला विस्तव खाली बसला. मागे टिक् टिक् सुरू होतं, सोळा आणि थांबा, सोळा आणि थांबा. दर थांब्याला नोनोंचा श्वास अडायचा.

“माझ्या हातात नको देऊस,” ते डोळे न उघडता म्हणाले. “घरात ठेव. शेपटी सांभाळ.”

७

मी मागे गेले. या वेळी बोळकांडीकडे बघितलंच नाही. कपाट उघडलं, रुमाल सोडला, क्यू कापसात गुंडाळला आणि त्याच्या घरात ठेवला. आवाजसुद्धा झाला नाही. कप्पा लावला.

पाठीमागे, अगदी जवळ, लोखंडावर एकच टिक् झालं. मग दमलेल्या माणसानं ओझं खाली ठेवताना सोडलेला उसासा ऐकू आला.

त्या संध्याकाळी नोनोंनी पोलेन्ट्याच्या दोन वड्या खाल्ल्या. खाली रस्त्यावरून तुल्लिओ ओरडला, “सिओर क्विरिनो, पत्ते?” आणि ते खिडकीतून वाकून ओरडले, “तू लबाडी करतोस, चोरा! उद्या बघू!”

आई माझ्याकडे बघून हसली. “बघ, आले की नाही ताळ्यावर?”

सकाळी तिनं कॉफी नेली तेव्हा ते गेले होते. मी खोलीत गेले. चेहरा पाहायच्या आधी मी हात पाहिला. चादरीवर डावा हात पसरलेला होता आणि अंगठा सरळ होता. बाकीच्या चार बोटांसारखा सरळ.

“त्यांचा कागद तूच जुळव गं,” आई म्हणाली. “त्यांना तेच आवडलं असतं.”

मी जुळवलं. मजकूर कुठे पाहायला लागला नाही, मी तो भिंतीवर वाचलेला होता. फक्त दिवस आणि वेळ नवीन होती. बुधवार, सकाळी दहा. तुल्लिओ टोपी काढून उभा होता. त्यानं वरचा कागद उचलला, बराच वेळ क्यूकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मला माझ्या नावानं हाक मारली.

“ओर्सोला, हे किती सुंदर अक्षर आहे. इतकी वर्षं चिकटवतोय, मला दिसलंच नाही कधी.”

बुधवारी दहाच्या घंटेआधी मी सतरा खिळे आपापल्या घरांत टाकले. मोजले. क्यू कापसात ठेवला.

आता मार्च आहे. धुकं गेलंय, शाळा चालू आहे. कागद मी जुळवते, आई मजकूर लिहून घेते. कुठलंच नाव घंटेपर्यंत उभं राहत नाही.

फक्त काल लॅटिनच्या बाईंनी विचारलं की मी डावा हात असा का धरते. मी बाकावर पाहिलं. हात वहीवर उताणा होता आणि अंगठा वाकलेला.

“सवय आहे,” मी म्हणाले.

मी तो सरळ करून पाहिला. होतो, पण मग काहीतरी कोसळणार असं वाटतं, आणि तो आपोआप परत वाकतो. वर्ग शांत असला की त्याच्या टोकाला अगदी हलका धक्का बसतो, पट्टीत खिळा येऊन टेकल्यासारखा. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक.

अजून चारच झालेत. कुणाचं नाव आहे ते चार अक्षरांवरून सांगता येत नाही.

मी अंगठा घट्ट धरून बसते.